अळिंबीच्या कल्ल्यातील काही पेशी रंग न देताही पिवळ्या-हिरव्या चमकतात : ही त्यांची स्वतःची प्रतिदीप्ती समजावी का?

प्रश्न : तंतुजाल

नमस्कार. गेली काही वर्षे मी साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली अळिंब्यांचे बीजाणू आणि कल्ल्यांचे छेद पाहत आले आहे. मोजमाप घ्यायचे, चित्र काढायचे आणि जमल्यास जातीपर्यंत पोहोचायचे, एवढाच त्या छंदाचा आवाका होता. अलीकडे एक वापरलेला प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शक (प्रकाश शोषून वेगळ्या रंगाचा प्रकाश टाकणारी द्रव्ये दाखवणारा) हाती आला असून त्यात दोन फिल्टर-संच आहेत. पहिल्या संचात ३६५ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश नमुन्यावर पडतो आणि ४२० नॅनोमीटरच्या पुढचा सगळा प्रकाश डोळ्यापर्यंत येतो. दुसऱ्या संचात ४७० ते ४९० नॅनोमीटरचा निळा प्रकाश पडतो आणि ५२० नॅनोमीटरच्या पुढचा दिसतो.

कुजक्या खोडावर झुपक्याने उगवलेल्या पिवळ्या अळिंब्या मी पहिल्या नमुन्यासाठी घेतल्या. हिरवट छटेचे कल्ले, जांभळट तपकिरी बीजाणूठसा आणि सुमारे ६ ते ८ × ३.५ ते ४.५ मायक्रॉन मापाचे गुळगुळीत बीजाणू यांवरून मी ती हायफोलोमा फॅसिक्युलेर मानली आहे. ताज्या कल्ल्याचा दाढीच्या पात्याने पातळ छेद घेतला, पाण्याच्या थेंबात ठेवून आच्छादनकाच लावली आणि कोणताही रंग न घालता ४०० पट वर्धनाखाली अतिनील संच लावून पाहिले. संपूर्ण ऊतक मंद निळसर दिसत होते, बीजाणू जवळजवळ काळे होते, मात्र कल्ल्याच्या पृष्ठभागावरून बाहेर डोकावणाऱ्या काही फुगीर पेशी आतून दिवा लावल्यासारख्या पिवळ्या-हिरव्या उजळल्या होत्या. निळ्या प्रकाशाच्या संचातही त्याच पेशी उठून दिसल्या. याखेरीज छेदाच्या आसपास दोन-तीन लांब, वळणदार आणि डोळ्यांत भरतील इतके प्रखर निळे तंतू होते. ते कवकतंतूंपेक्षा बरेच जाड वाटले.

दोन गोष्टींनी मला गोंधळात टाकले. पहिली म्हणजे एकाच जागी दीड-दोन मिनिटे प्रकाश ठेवला की त्या पेशींची चमक ओसरत जाते, त्यामुळे मी पाहिले ते खरे होते की भास, असे वाटू लागते. दुसरी म्हणजे त्याच छेदाच्या कडेने ५ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब आत सोडल्यावर चमक पेशींच्या बाहेर पडली आणि भोवतालचे द्रवच हिरवट उजळले. मग जे चमकत होते ते पेशीभित्तीत होते, पेशीच्या आत होते, की अल्कलीमुळे नव्यानेच तयार झाले?

माझे प्रश्न असे आहेत. ही चमक अळिंबीच्या ऊतकाची स्वतःची आहे असे म्हणण्यापूर्वी काय काय तपासावे? तशी ती असल्यास कोणत्या द्रव्यामुळे असावी? आणि जाती ओळखण्यासाठी तिचा आधार घेता येतो का?

उत्तर : काचपट्टी

आधी काचपट्टीवर संशय घ्या, नंतर पाण्यावर, पात्यावर आणि स्वतःच्या बोटांवर, आणि सर्वांत शेवटी अळिंबीकडे वळा. हा क्रम उलटा झाला की माणूस महिनोन्महिने कागदाच्या तंतूंची छायाचित्रे जमवत बसतो. मी स्वतः तसा बसलेलो आहे.

तुमचे प्रखर निळे तंतू बहुधा काच पुसण्याच्या कागदाचे किंवा सुती कापडाचे असावेत. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात आणि कपडे उजळ दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत जी द्रव्ये घालतात, ती अतिनील प्रकाश शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतात. त्यांचे कामच ते आहे. असा एक तंतू छेदाशेजारी पडला तर त्याच्यापुढे अळिंबीची नैसर्गिक चमक फिकी पडते. ओळखण्याची खूण अशी, की हा तंतू निळ्या प्रकाशाच्या संचात बराचसा मंदावतो, त्याला कवकतंतूसारखे आडपडदे नसतात, आणि सुती असेल तर तो चपटा व पीळ पडलेला दिसतो.

तपासणीसाठी अळिंबी नसलेल्या काचपट्ट्या बनवा. एकीवर फक्त तेच पाणी आणि आच्छादनकाच, दुसरीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे तेच द्रावण, आणि तिसरीवर पाण्यात तेच पाते नुसते बुडवून काढलेले. तिसरी काचपट्टी अनेकांना अनावश्यक वाटते, परंतु नव्या पात्यावर गंज चढू नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो आणि बरीच तेले अतिनील प्रकाशात निळसर उजळतात. पाते अल्कोहोलने पुसून घेतल्यास हा प्रश्न मिटतो. शंभरपटीचे भिंग वापरत असाल तर त्याला लावायचे तेलही कमी प्रतिदीप्तीचे हवे. जुन्या पद्धतीचे देवदार तेल आणि काचपट्टी कायमची बंद करण्यासाठी वापरला जाणारा कॅनडा बाल्सम ही दोन्ही स्वतःच चमकतात. आच्छादनकाचेच्या कडा नखांच्या रंगाने बंद करण्याची सवय असेल तर ती या कामापुरती सोडा. परिरक्षक द्रव्यांमध्ये ग्लुटाराल्डिहाइड तर सरळच बाद, कारण प्रथिनांशी संयोग होऊन ते संपूर्ण ऊतकाला चमक आणते. ताज्या ऊतकासाठी साध्या पाण्याला पर्याय नाही.

अळिंबी पाहणाऱ्यांचे नेहमीचे रंगही येथे आडवे येतात. काँगो रेड आणि फ्लॉक्सिन हे दोन्ही स्वतः प्रतिदीप्त आहेत. मेल्झरच्या द्रावणातील (बीजाणू तपासताना वापरायच्या आयोडीनयुक्त द्रावणातील) आयोडीन आणि आयोडाइड याच्या उलट वागतात : त्यांच्यामुळे असलेली चमकही विझते. म्हणून एकाच छेदावर सगळे काही उरकण्याचा मोह टाळावा आणि नैसर्गिक चमक पाहायचा छेद पूर्णपणे कोरा ठेवावा.

आता तुमच्या शंकेविषयी. चमक ओसरते म्हणून तुम्ही निरीक्षणावर अविश्वास दाखवत आहात, परंतु माझ्या मते तोच तुमच्या बाजूचा पुरावा आहे. पेशीच्या चकचकीत अंतर्भागावरून परावर्तित झालेला किंवा फिल्टरमधून निसटलेला प्रकाश दोन मिनिटांनी कमी होत नाही. जोवर दिवा चालू आहे तोवर तो तसाच राहतो. प्रतिदीप्त रेणू मात्र प्रकाश शोषता शोषता हळूहळू नष्ट होतात. एक साधा प्रयोग करा. प्रकाशक्षेत्राची झडप लहान करून छेदाचा एक छोटा गोल दोन मिनिटे उजेडात ठेवा, नंतर झडप पूर्ण उघडा. मधोमध फिका गोल आणि भोवती मूळची चमक दिसली, तर तो प्रकाश रेणूंमधूनच येत होता.

भित्ती की अंतर्भाग, हे फोकस वरखाली करून बरेचसे कळते. चमक भित्तीत असेल तर पेशीच्या मध्यपातळीवर ती कडेच्या दोन रेघांसारखी दिसते आणि मधला भाग काळा राहतो. आतल्या द्रव्यात असेल तर पेशी भरीव उजळते किंवा आतील गोळा तेवढा उजळतो. कवकांच्या पेशीभित्तीतील काइटिन या द्रव्याची स्वतःची चमक फारच मंद असते, तेव्हा रंग न देता पेशीभित्ती झगझगीत दिसली तर तिच्यावर आणखी काहीतरी बसले आहे असे धरून चालावे. (काइटिन उठावदार दाखवणारा कॅल्कोफ्लुअर व्हाइट हा मुळात कागद-कापड उजळवणाऱ्यांच्याच कुळातला आहे. वर ज्याला मी शत्रू ठरवले, तोच दुसऱ्या प्रयोगात हातातले मुख्य हत्यार असतो.)

खोडावरच्या अळिंबीबाबत शेवटची सूचना : दांड्याच्या बुडाशी लाकडाचे कण चिकटलेले असतात आणि लाकडातले लिग्निन हे द्रव्य चांगलेच चमकते, अतिनील प्रकाशात निळे आणि निळ्या प्रकाशात हिरवे. जुन्या, कडक, फळीसारख्या वाढणाऱ्या कवकांच्या वरच्या बाजूला सूक्ष्म शैवाल साचलेले असते, त्यातील हरितद्रव्य गडद लाल दिसते. "अळिंबीच्या ऊतकात लाल प्रतिदीप्ती सापडली" अशी बातमी कानावर आली, की मी पहिल्यांदा तो नमुना धुतला होता का, एवढेच विचारतो.

उत्तर : रंगद्रव्यशोध

काचपट्टी यांनी सांगितलेले सर्व करून झाले आहे असे गृहीत धरून मी फक्त रसायनाकडे वळतो.

प्रत्येक सजीव पेशीत थोडीफार प्रतिदीप्ती असतेच. पेशीच्या चयापचयात भाग घेणारे एनएडीएच आणि एनएडीपीएच हे रेणू ३४० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतात आणि ४६० च्या आसपास, म्हणजे निळा, बाहेर टाकतात; रायबोफ्लेविन आणि त्यापासून बनलेली फ्लेविने ४५० च्या आसपास शोषून ५२५ ते ५३० च्या आसपास, म्हणजे हिरवा, टाकतात. तुम्हाला संपूर्ण ऊतकात दिसलेली मंद निळसर झाक आणि निळ्या संचात दिसू शकणारी हिरवट झाक यांचा बराचसा भाग येथूनच येतो. ही पार्श्वभूमी सर्वत्र असल्यामुळे तिच्यात सांगण्यासारखे थोडेच असते.

खरे कुतूहल त्या फुगीर पेशींचे आहे. हायफोलोमा फॅसिक्युलेरच्या कल्ल्यांवर क्रायसोसिस्टिडिया नावाच्या पेशी असतात, त्यांच्यात अल्कली द्रावणात पिवळा होणारा, प्रकाश वळवणारा गोळा असतो आणि ही प्रजाती ओळखताना आपण त्यांच्यावर विसंबतो. त्याच जातीच्या फळकायेतून हिस्पिडिन, बिसनॉरयँगोनिन आणि हायफोलोमिन अशी स्टायरिलपायरोन गटातील पिवळी फिनॉलिक द्रव्ये वेगळी केलेली आहेत, आणि ही द्रव्ये अतिनील प्रकाशात पिवळी ते हिरवट चमकतात. या दोन्ही गोष्टी पक्क्या आहेत. त्या जोडून "क्रायसोसिस्टिडियातील गोळा म्हणजेच हिस्पिडिन" असे म्हणणे मात्र उडी मारणे ठरेल; सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा रंग हा रेणूचा पत्ता देत नाही, फार तर मोहल्ला दाखवतो.

पोटॅशियम हायड्रॉक्साइडने काय झाले असावे हे यावरून समजते. फिनॉल अल्कलीत आयनरूप घेतात, त्यामुळे ते पाण्यात अधिक विरघळतात आणि त्यांचे शोषण अधिक लांब तरंगलांबीकडे सरकते. शिवाय त्या द्रावणात पेशीपटलांचा निकाल लागतो, मग आतले द्रव्य कोंडून राहणार कसे? म्हणजे रेणू तेथे आधीपासून होते, अल्कलीने त्यांना बाहेर काढले आणि त्यांचे रूपही बदलले, असा माझा अंदाज आहे. याच कुळातील द्रव्यांमुळे फेलिनस आणि इनोनोटस यांसारख्या कवकांचे तपकिरी ऊतक याच द्रावणाचा थेंब पडताच काळे पडते. ती चाचणी आपण इतकी सवयीने करतो की तिच्यामागे हेच रसायन आहे याचा विसर पडतो.

फ्लेविनचा पर्याय बाजूला ठेवायचा असेल तर एक गोष्ट ध्यानात असू द्या. रायबोफ्लेविनची चमक उदासीन द्रावणात सर्वाधिक असते आणि तीव्र अल्कलीत घटते. मात्र अल्कलीत प्रकाश पडत राहिला तर त्यापासून ल्युमिफ्लेविन तयार होते आणि तेही पिवळे-हिरवे चमकते. म्हणून "अल्कलीतही हिरवे राहिले, अर्थात फ्लेविन नव्हे" हा निष्कर्ष दिव्याखाली बराच वेळ ठेवलेल्या छेदावरून काढता येणार नाही. त्यापेक्षा थोडे कल्ले मेथॅनॉलमध्ये भिजवून तो अर्क सिलिका पट्टीवर (मिश्रणातील द्रव्ये वेगळी करणाऱ्या पट्टीवर) चढवा आणि शेजारी रायबोफ्लेविनचा ठिपका द्या. वाळलेली पट्टी ३६५ च्या दिव्याखाली धरली की किती वेगवेगळी द्रव्ये चमकतात ते एका दृष्टिक्षेपात कळते. पट्टीत २५४ नॅनोमीटरचे सूचकद्रव्य असेल तरी ३६५ खाली ते आड येत नाही.

आता ओळखीचा प्रश्न. रुसुला प्रजातीत रुसुप्टेरिडिन नावाची पाण्यात विरघळणारी रंगद्रव्ये आहेत. त्यांतील काही निळी तर काही पिवळी चमकतात आणि टोपीच्या सालीत ती विशेष असतात. कॉर्टिनेरियस प्रजातीची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. कवकशास्त्रज्ञ मोझर यांनी त्यातील लेप्रोसायबी हा उपगट मांडताना अतिनील प्रकाशातील चमकेला महत्त्व दिले होते. कॉर्टिनेरियस कोटोनियससारख्या जातींत ही चमक लेप्रोसायबिन या द्रव्यामुळे येते. परंतु सुरुवातीला त्याच उपगटात बसवलेल्या कॉर्टिनेरियस ऑरेलॅनस या विषारी जातीच्या नातलगांमध्ये चमकेचे कारण निराळे निघाले आणि पुढे त्यांना वेगळे काढावे लागले. दोन जाती सारख्या चमकतात एवढ्यावरून त्यांचे नाते ठरत नाही, आणि एकाच जातीचे कोवळे व म्हातारे नमुने सारखेच चमकतील याची हमी नाही. तपकिरी पडलेले, ऑक्सिडीकरण झालेले फिनॉल विस्तृत पट्ट्यात धूसर पिवळे चमकतात आणि मूळचे चित्र झाकून टाकतात.

प्रश्न : रात्रपाळी

मध्येच विचारतो. हिस्पिडिन हे नाव मी अंधारात स्वतः उजेड देणाऱ्या अळिंब्यांच्या संदर्भात वाचले होते. मग तंतुजाल यांची अळिंबी अंधाऱ्या खोलीत ठेवली तर चमकेल का?

उत्तर : रंगद्रव्यशोध

चमकणार नाही. प्रश्न मात्र योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे. प्रतिदीप्ती म्हणजे बाहेरून आलेला प्रकाश शोषून लगेच अधिक लांब तरंगलांबीचा प्रकाश परत टाकणे. दिवा बंद केला की ती त्या क्षणी संपते. स्टोक्स यांनी १८५२ मध्ये क्विनीनच्या द्रावणावर आणि फ्लुओराइट खनिजावर हेच पाहिले, आणि इंग्रजी नाव त्या खनिजावरूनच पडले. जीवदीप्तीत प्रकाश रासायनिक अभिक्रियेतून येतो, बाहेरच्या दिव्याची गरजच नसते.

दोन्हींत हिस्पिडिन येते हा योगायोग मनोरंजक आहे. प्रकाश देणाऱ्या कवकांमध्ये एक विकर हिस्पिडिनला आणखी एक हायड्रॉक्सिल गट जोडते, त्यातून ३-हायड्रॉक्सिहिस्पिडिन हे ल्युसिफेरिन (उजेड देणारे द्रव्य) तयार होते, आणि ल्युसिफरेज हे दुसरे विकर ऑक्सिजनच्या साहाय्याने त्यापासून सुमारे ५२० ते ५३० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश काढते. हे ल्युसिफेरिन २०१५ मध्ये ओळखले गेले आणि विकरांचा संपूर्ण मार्ग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. कच्चा माल असला तरी कारखाना नसेल तर अंधारात उजेड पडत नाही. पॅनेलस स्टिप्टिकस या एकाच जातीत उत्तर अमेरिकेतील नमुने उजेड देतात आणि युरोपातील देत नाहीत, यावरून हा गुण किती सहज गळून पडू शकतो ते दिसते.

उत्तर : तंतुजाल

दोघांचेही मनापासून आभार. सुचवलेले बरेचसे करून पाहिले. क्रमाने नाही, जसे जमले तसे लिहीत आहे.

निळ्या तंतूंचा निकाल पाच मिनिटांत लागला. अळिंबी नसलेल्या, फक्त पाणी घातलेल्या काचपट्टीवर तसेच दोन तंतू हजर होते. पुसण्याचा कागद बाजूला ठेवून काचा अल्कोहोलमध्ये धुतल्या आणि उभ्या करून वाळवल्या, तेव्हा ते नाहीसे झाले. पात्याच्या काचपट्टीवरही थेंबाच्या कडेला निळसर सायीसारखे काहीतरी होते, म्हणजे तेलाची शंका अगदीच अनाठायी नव्हती. त्या पहिल्या संध्याकाळी काढलेली सगळी छायाचित्रे मी पुसून टाकली आहेत. त्यांतले सर्वांत सुंदर छायाचित्र कागदाचेच होते.

पिवळ्या-हिरव्या पेशी मात्र टिकल्या. झडप लहान करून केलेल्या प्रयोगात मधोमध फिका गोल स्पष्ट पडला. फोकस सावकाश वरखाली केला असता चमक भित्तीत नसून पेशीच्या वरच्या, फुगीर भागातील ओबडधोबड गोळ्यात आहे असे दिसले. गोळ्याची कड तुटक असून त्याच्या खाली, देठाकडच्या निमुळत्या भागात, चमक जवळजवळ नाही. तीच जागा न हलवता साध्या प्रकाशात पाहिली तर नेमका तोच गोळा काचेच्या तुकड्यासारखा चकाकतो. येथपर्यंत सर्व जुळते.

जुळत नाही ते असे. काही चमकणाऱ्या पेशींमध्ये साध्या प्रकाशात गोळा दिसतच नाही. त्या आकाराने सारख्याच, पण आतून एकसंध आणि स्वच्छ आहेत. त्यांच्यातली चमक संपूर्ण पेशीभर पसरलेली आणि थोडी मंद आहे. याउलट गोळा असूनही न चमकणारी पेशी मला अद्याप आढळलेली नाही. कदाचित द्रव्य आधी पेशीरसात साचते आणि नंतर त्याचा गोळा होतो, असे मनात येते. कोवळ्या आणि जून कल्ल्यांची तुलना केल्याशिवाय ते म्हणू नये हेही कळते.

अल्कलीचा प्रयोग या वेळी टप्प्याटप्प्याने केला. एक पेशी निवडून तिचे पाण्यातील छायाचित्र घेतले, मग कडेने सौम्य अमोनिया सोडला आणि आच्छादनकाचेच्या दुसऱ्या बाजूने गाळणकागदाने पाणी ओढून घेत राहिले. गोळा साध्या प्रकाशात पिवळा झाला आणि अतिनील प्रकाशातील चमक प्रथम वाढली, मग कड विरघळत जाऊन धुक्यासारखी बाहेर पडू लागली. हे सर्व एका मिनिटाच्या आत घडले, त्यामुळे थेट अल्कलीत छेद ठेवून पाहणाऱ्याला चमक नेमकी कुठे होती हे कधीच कळणार नाही असे माझे मत झाले आहे. मेल्झरच्या द्रावणात वेगळा छेद ठेवून पाहिला. सारे काही विझले.

एक तक्रारही नोंदवते. डोळ्यांना पिवळ्या-हिरव्या दिसणाऱ्या पेशी कॅमेऱ्यात कधी पांढऱ्या, कधी निळ्या येतात, आणि कोऱ्या काचपट्टीचे छायाचित्रसुद्धा उजळ येते. माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवू की कॅमेऱ्यावर?

उत्तर : जुनेभिंग

रंगाच्या बाबतीत डोळ्यांवर, तीव्रतेच्या बाबतीत दोघांपैकी कोणावरही नाही.

कोरी काचपट्टी उजळ येते कारण कॅमेरा आपणहून प्रकाशनकाळ वाढवतो. समोर अंधार असेल तर अंधारालाच तो करडा करून दाखवतो. प्रकाशनकाळ आणि संवेदनक्षमता दोन्ही हाताने ठरवा, आणि आधी सर्वांत चमकदार पेशीवर जुळवून मग त्याच आकड्यांवर कोऱ्या काचपट्टीचे व इतर छेदांचे छायाचित्र घ्या. शुभ्रता-संतुलनही आपोआप राहू देऊ नका. ते दिवसाच्या प्रकाशावर कायम करून ठेवा आणि शक्य असेल तर अप्रक्रियित फाइल जपा. तुमच्या पेशी पांढऱ्या येतात तेव्हा हिरव्याबरोबर निळा व लाल भागही कमाल मर्यादेला टेकलेला असतो. प्रकाशनकाळ निम्म्यावर आणला की हिरवा पुन्हा दिसेल. तुमचे दोन्ही फिल्टर ठरावीक मर्यादेपुढचे सगळे पाहू देणारे आहेत ही चांगली गोष्ट आहे. अरुंद पट्टा देणारा फिल्टर असता तर जे काही चमकते ते त्याच्याच रंगाचे दिसले असते.

तुलना करायची असेल तर भिंग बदलू नका. वरून येणारा प्रकाश भिंगातूनच नमुन्यावर जातो आणि त्याच भिंगातून परत येतो, म्हणून प्रतिमेची उजळता संख्यात्मक छिद्राच्या (भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करते त्या मापाच्या) चौथ्या घाताने वाढते आणि वर्धनाच्या वर्गाने घटते. चाळीसपटीचे ०.६५ चे भिंग काढून त्याच वर्धनाचे ०.७५ चे लावले तर चित्र जवळजवळ पावणेदोन पट उजळ होते, आणि त्याचे श्रेय अळिंबीला जाते. काही जुनी, अनेक काचा चिकटवून बनवलेली भिंगे तर ३६५ चा बराच प्रकाश स्वतःच गिळतात. त्यांच्याखाली अतिनील संचात काही दिसले नाही म्हणून ऊतकात काही नाही असे होत नाही.

छेदाच्या जाडीचाही हिशेब ठेवा. जाड छेदात वरच्या थरातील रंगद्रव्य खालच्या थरापर्यंत प्रकाश पोहोचू देत नाही आणि खालून येणारी चमकही अडवते. तुमचे बीजाणू काळे दिसतात त्याचेही हेच कारण असावे : त्यांच्या भित्तीतील गडद रंगद्रव्य प्रकाश शोषते, परत मात्र फारसे काही देत नाही.

तुमच्या न जुळणाऱ्या पेशींविषयी मला अधिक उत्सुकता आहे. कोवळी, अर्धी उघडलेली आणि पूर्ण पसरलेली अशा तीन अवस्थांतील टोप्या एकाच झुपक्यातून घ्या, म्हणजे निदान कवकजाल एकच असण्याची शक्यता वाढते. प्रत्येकीचा छेद कापल्यापासून किती मिनिटांनी पाहिला हेही लिहा. जखम झालेल्या पेशीतून द्रव्य शेजारच्या पेशीत झिरपू शकते, आणि तुमच्या "स्वच्छ पण चमकणाऱ्या" पेशी पात्याच्या कडेला लागून असलेल्याच असतील तर उत्तर वयात नसून पात्यात आहे. त्या पेशी छेदाच्या कडेपासून किती दूर होत्या, हे आठवते का?

आणि रंगद्रव्यशोध यांनी ऑरेलॅनसचे नाव काढले आहे म्हणून सांगतो. त्या गटातील ऑरेलॅनिन हे मूत्रपिंडाचे विष असून लक्षणे दिसायला कित्येक दिवस, कधी दोन आठवडेही, लागतात. ऑरेलॅनिनवर अतिनील प्रकाश पडला की त्याचे ऑरेलिन बनते आणि निळी चमक त्या ऑरेलिनची असते. काही ठिकाणी दिव्याखाली निळे दिसले तर विषारी, नाही तर खाण्याजोगे, अशी "चाचणी" सुचवली जाते. चमक न दिसणे हा निर्विषपणाचा पुरावा नाही, आणि तंतुजाल यांची अळिंबी तर पिवळी-हिरवी चमकते आणि तीही विषारीच आहे.

उत्तर : तंतुजाल

कडेपासूनचे अंतर मी नोंदवलेले नाही, परंतु छायाचित्रे पुन्हा पाहिली असता स्वच्छ पेशींपैकी बऱ्याच कापलेल्या कडेच्या जवळ आहेत, सगळ्या नाहीत. दोन पेशी कल्ल्याच्या अगदी मध्यावर, कडेपासून बऱ्याच आत आहेत आणि त्याच मला सतावत आहेत. या वेळी छेद न घेता संपूर्ण कल्ला सपाट ठेवून त्याचा पृष्ठभाग वरून पाहीन, म्हणजे पात्याचा संबंधच उरणार नाही. झुपक्यात अजून न उघडलेल्या चार टोप्या आहेत. त्या उद्या सकाळी काढून, प्रकाशनकाळ हाताने ठरवून, कोऱ्या काचपट्टीसह छायाचित्रे येथेच टाकते.